वयनी, सावकाश. मी आसंय.

बाबलो काल दुपारी गेला, आणि मला अजून रडू आलेलं नाही.

घरी आले, आंघोळ केली, कुकर लावला. सुनेने विचारलं, "आई, बऱ्या आहात ना?"
म्हटलं, हो.

तुमच्यातल्या पुष्कळांना बाबलो ठाऊक नसेल.
ऐंशीच्या दशकात मालवणात आमच्या सहकारी सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. तो सांभाळायला आलेला हडकुळा, टेम्पररी माणूस म्हणजे बाबलो. मी तिथे क्लार्क.

मशीन एकच, स्क्रीन चार. युनिक्स नावाची सिस्टीम. चौघांनी एकाच वेळी एकाच मशीनवर काम करायचं.

माझा विश्वासच बसेना. म्हटलं, "अरे, त्याचा मेंदू म्हणे नखाएवढी चिप. ती चौघांचं कसं ऐकणार?"

"वयनी, पंगतीत वाढपी एकच आसता. पण तो इतको धावता, की जेका तेका वाटता, माझ्याच पानार उभो आसा."

झालं. त्यापुढे मला कॉम्प्युटर कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पण लाइट जायची.
मग बॅटरीवर थोडाच वेळ मिळायचा. तेवढ्यात चौघांनी आपापलं काम सेव्ह करून सिस्टीममधून बाहेर पडायचं आणि मग बाबलोने मेन मशीन नीट बंद करायचं. ते चालू असतानाच बॅटरी संपली, तर डिस्कवरचं सगळंच बिघडायची भीती.

एकदा बिघडलंही होतं. चेअरमननी तेव्हाच बाबलोला सुनावलं, "पुन्हा असं झालं तर मशीन परत. आणि तुम्हीही घरी."

सगळ्यात शेवटी बाहेर पडणारी कोण? मीच. एका बोटाने टायपिंग.

वार्षिक सभा तोंडावर आली होती. सभासदांची नावं चढवत होते आणि लाइट गेली. बॅटरी कुंई कुंई करायला लागली. बाकीचे तिघे पटापट बाहेर.
माझं काम अर्धवट. घाबरून सेव्ह कसं करायचं तेच आठवेना.

हेडक्लार्क तात्या ओरडले, "बाबल्या, बंद कर रे! तिचा जायत तर जायत. तुझी नोकरी जातली!"

बाबलो मेन मशीनसमोर उभा. बोटं कीबोर्डवर.

"तात्यानू, शेवटच्याचो भात संपल्याबगर पंगत उठता काय?"

आणि माझ्याकडे वळून,
"वयनी, सावकाश. मी आसंय."

मी आहे म्हणतानाचा आवाज इतका शांत, की माझं बोट बरोबर पडलं. सेव्ह झालं. बाहेर पडले. त्याने बंद करायची कमांड दिली. मशीन थांबलं आणि मागोमाग बॅटरीने मान टाकली.

तात्या मटकन खुर्चीत बसले.
बाबलोने खिशातून भाजलेले काजू काढले. "घेवा वयनी."
उरलेले तात्यांसमोर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, तर सगळं जागच्या जागी. नोकरी राहिली. पुढे पर्मनंटही झाला.

काल सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला, कणकवलीच्या हॉस्पिटलमधून.
"मावशे, बाबा सारखे इचारतत, वयनी इली काय?"

लगेच निघाले. एस्टी उशिरा आली. हॉस्पिटलचा जिना, माझे गुडघे.

पोचले, तेव्हा चादर तोंडावर ओढून झाली होती.
"आत्ताच गो, मावशे," मुलगी म्हणाली.

नेहमीसारखी मीच शेवटी.

सलाइनची बाटली अजून अर्धी भरलेली होती. तिच्याकडेच बघत राहिले. डोळ्यांत काही आलं नाही. आत्ता हे लिहितानाही नाही. एका बोटानेच लिहितेय.

बाबल्या, यावेळी थांबाक जमला नाय तुका.
राग नाय रे. नोकरी जायत म्हणान ठावक असताना थांबललंस, ता माका पुरा आसा.

मी तुझ्या पोरीक एकटी सोडूचंय नाय.
सावकाश जा. मी आसंय.