नवागामची माणसं टिकत नाहीत

मुलीला नकार यायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. मोबाइलवर अर्ज भरला, बटण दाबलं आणि लगेच उत्तर: आपला अर्ज पुढे घेता येत नाही. नोकरी सुरतेतल्या आमच्याच उधन्याच्या कापड मीलच्या ऑफिसातली. मी तिथं बावीस वर्षं कामगारांची हजेरी लिहितोय आणि पोरगी बी.कॉम. फर्स्ट क्लास. बायकोने आतून अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं, माय?" पोरीने मोबाइलच तिच्या हातात दिला.

संध्याकाळी तिने दुसऱ्या नंबरवरून तोच अर्ज पुन्हा भरला. फक्त पत्ता आमच्या खानदेशी वस्तीचा, नवागामचा न टाकता सौराष्ट्रवाल्यांच्या कतारगामातल्या मैत्रिणीचा टाकला. तासाभरात मुलाखतीचं बोलावणं आलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी मी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवाल्या साहेबाला गाठलं. अर्ज माणूस वाचतच नाही, मशीनच निवडतं म्हणे. म्हटलं, "भाई, पत्त्याने माणूस बदलतो का?"

तो गोड हसला. "काका, मशीन थोडुं खोटुं बोले? आम्ही त्याला फक्त जुनी हजेरी दिली. त्यावरून ते आपोआप शिकलं. नवागामची माणसं टिकत नाहीत, दर उन्हाळ्यात काम सोडून जातात."

अरे, सोडून कुठे जातात? आखाजीच्या सणाला गावी जातात! खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, तेव्हा सुरतेत कोण थांबेल? पंधरा दिवसांनी सगळे परत, त्याच पाळीला, त्याच मागावर. आणि दिवाळीला सौराष्ट्रवाले गावी जातात, तेव्हा अख्खी मीलच बंद असते, म्हणून त्यांनी 'काम सोडलं' असं कुणी म्हणत नाही. हे मी त्याला तावातावाने सुनावलं. त्याने ऐकून घेतलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

हजेरीच्या जुन्या पानाचा फोटो होता. नवागामच्या नावांपुढे ओळीने 'काम सोडले', 'काम सोडले'. अक्षर माझं.

लांब रजेसाठी प्रत्येकाचा वेगळा अर्ज लिहून शेटची सही आणावी लागायची. चाळीस जणांचे अर्ज कोण लिहीत बसणार? मी सरळ 'काम सोडले' लिहायचो आणि माणूस परतला की 'नवीन' म्हणून चढवायचो. त्याचा अर्थ शेटला माहीत, मला माहीत, कामगारांनाही माहीत. मशीनला कोण सांगणार? आणि ते वापरणाऱ्या दीडशहाण्यांना एकदा येऊन विचारायला काय झालं होतं? पण भांडू कोणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ.

साहेब म्हणाला, "नोंदी चुकीच्या आहेत असं लिहून द्या. शेटकडे पाठवतो." म्हणजे माझ्या नोकरीवर गदा. तरी घरी येऊन कागद घेतला आणि पोरीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. तिने कागद आपल्याकडे ओढला.

मग म्हणाली, "पप्पा, माझ्या एकटीचं लिहू नका. गल्लीत आणखी कितीतरी जणींना नकार आलाय."

खरं होतं. शेजारची पोर तर गेल्याच महिन्यात रडत आमच्या ओट्यावर बसली होती. तेव्हा मीच तिच्या बापाला म्हणालो होतो, पोरीतच काहीतरी कमी असेल.