आशिषचा पहिला अल्बम

उत्तरेतल्या आमच्या महानगर कॉलनीतल्या घरात नाताळची साफसफाई करताना परवा ट्रंकेत आशिषची सीडी सापडली. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि मी थेट चर्चच्या त्या गार खोलीत जाऊन पोचलो.

आशिष माझा धाकटा भाऊ. त्याच्या मेटल बँडचा हा पहिला अल्बम. नाताळात चर्चच्या हॉलमध्ये तो वाजवायचा होता, म्हणून आधी पादरीसाहेबांना ऐकवणं भाग होतं. ड्रम्स कडाडले, आशिषचा फाटलेला, खर्जातला आवाज सुरू झाला आणि कमिटीतल्या आंटींच्या विणकामाच्या सुया थांबल्या.

"बेटा, इसमें प्रभु का नाम कहाँ है?" पादरीसाहेबांनी शांतपणे विचारलं.

आशिष माझ्याकडे वळला. "दादा, तू सांग ना."

मी क्वायरमध्ये पुढच्या रांगेत गाणारा, माझं त्यांनी नक्की ऐकलं असतं. आणि सांगायचं तरी काय होतं? ते गाणं म्हणजे आईचं आवडतं मराठी स्तोत्र होतं. त्याचं हिंदी मीच करून दिलं होतं, ओळ न् ओळ.

"मुझे भी कुछ समझ में नहीं आता," मी म्हणालो.

आशिषनं वाद घातला नाही. सीडी काढली, शर्टाला पुसली, कव्हरमध्ये ठेवली. हॉल मिळाला नाही. बँडही पुढे टिकला नाही.

कव्हरमधला घडीचा कागद मी परवा पहिल्यांदा उलगडला. गाण्यांच्या यादीखाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'शब्द : माझा दादा'.

त्या दिवशी तो कागद त्याच्या हातातच होता.