निळ्या खडूची रेघ

रुग्णालयाच्या तळघरात, जिथे पाण्याचे नळ भिंतीवरून उघडेच धावतात त्या बोळाच्या टोकाला अभिलेख-कक्ष होता. पण दारावरची ती पाटी कुणी वाचत नसे. सगळे त्याला रेकॉर्ड रूम म्हणत आणि तिथल्या कारकुनाला कपाटराव. हे नाव कुणी ठेवले ते कपाटरावांनाही माहीत नव्हते. बरे होऊन घरी गेलेले आणि घरी न गेलेले, असे दोन प्रकारचे रुग्ण त्यांना ठाऊक होते, आणि दोघांचेही केसपेपर ते एकाच जाडीच्या दोऱ्याने, एकाच गाठीने बांधत. एकवीस वर्षांत एकही कागद हरवला नाही, हा त्यांचा लौकिक होता. कागद हरवत नसत हे खरेच. ते वाचले मात्र जात.

गेल्या नऊ वर्षांत कपाटरावांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. खिशात मावतील अशा, मुखपृष्ठावर मुखपट्टीआडून रोखून पाहणारी परिचारिका आणि तिच्यामागे सिरिंजची सावली. वैद्यकीय थरार आणि प्रेमातला घातपात या दोघांना एकाच खाटेवर निजवण्याची कला त्यांना साधली होती. प्रकाशकाने पहिल्याच भेटीत सांगितले होते, "प्रेम आणि विष, दोन्ही बाईच्या हातून आलेलं वाचकाला लवकर पटतं." म्हणून पुस्तकांवर एका बाईचे नाव असे. खरी गोष्ट ठाऊक होती ती फक्त ताईला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ताई हस्तलिखितावरून नजर फिरवी आणि दर वेळी एकच तक्रार करी, "अरे, तुझ्या गोष्टीतली एखादी तरी नर्स शहाणी निघू दे की. सगळ्या मेल्या डॉक्टरवर भाळतात आणि पेशंटवर उठतात."

केसपेपरमधून कथानके घेणे गैर आहे, हे कपाटरावांना कळत नव्हते असे नाही. त्यावर त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता: तीन बदल. वय बदलायचे, धंदा बदलायचा, आजार बदलायचा. मग माणूस उरतो तो कुणाचाच नसतो. कुंपणाने शेत खावे, पण मोजून खावे, असा हा नियम.

त्यांचा खरा खजिना म्हणजे पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डातील एका सिस्टरची टिपणे. बाकीच्या सिस्टर 'रुग्ण ठीक' एवढे लिहून मोकळ्या होत. ही मात्र पानभर लिही. रुग्ण काय बोलला, कुणाची वाट पाहत होता, चहा अर्धा का ठेवला, सगळे. वॉर्डात तिला 'सविस्तर सिस्टर' म्हणत. तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका टेलरमास्तरांबद्दल तिने लिहिले होते: 'रुग्ण आनंदी. स्वतःच्या पोटावर निळ्या खडूने रेघ ओढून म्हणतो, इथून कापा, इथे कापड जास्त आहे. रेघ स्पिरिटने पुसली.' शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली आणि ते गेले.

त्या एका वाक्यावर कपाटराव भाळले. अकराव्या कादंबरीत मास्तरांचे वय बारा वर्षांनी वाढले, टेलरचा सुतार झाला, पित्ताशयाचे जठर झाले. खडूची रेघ तशीच राहिली. एवढी चांगली जागा बदलून वाया कोण घालवील? फक्त गोष्टीतली सिस्टर ती रेघ पुसताना थंडपणे हसते, कारण तिचे आणि सर्जनचे गुपित या सुताराने पाहिलेले असते; आणि तिसऱ्या दिवशी ती त्याला जे इंजेक्शन देते ते वेदनेवरचे नसते.

पुस्तक बाहेर पडून दीड महिना झाला असेल. सकाळी अकराच्या सुमारास एक बाई रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी आली. पन्नाशीची, बोटांवर सुईची बारीक छिद्रे, खांद्याला कापडाच्या तुकड्यांची पिशवी. तिने नवऱ्याच्या केसपेपरची नक्कल मागितली. नाव आणि वर्ष ऐकताच कपाटरावांच्या हातातला शिक्का हातातच राहिला. मास्तरांची बायको होती ती. दुकान आता तीच चालवत होती आणि गिऱ्हाईक तिला मास्तरीणबाई म्हणत.

"तीन वर्षांनी कशाला लागला, बाई, केसपेपर?"

मास्तरीणबाईंनी पिशवीतून पुस्तक काढले. आत खुणेला दोरा घातलेला. "भाऊ, तुम्ही इथलेच ना? मग हे वाचा. या बाईंची सगळी पुस्तकं मी वाचलीत. काजं करता करता वाचते. पण हे पुस्तक त्यांनी माझ्यासाठी लिहिलंय."

"तुमच्यासाठी?"

"सुतार कधी निळा खडू वापरतो का हो? त्याच्या कानावर पेन्सिल असते. निळा खडू टेलरचा. आणि तो मीच नेऊन दिला होता, यांनी हट्ट धरला म्हणून. त्या खोलीत आम्ही दोघं आणि ती सिस्टर, चौथं कुणी नव्हतं. या लेखिका इथं आतल्याच कुणीतरी असणार. उघड बोलायची चोरी, म्हणून गोष्टीत घालून मला कळवतायत."

कपाटरावांनी काय करावे? त्यांनी आपले कर्तव्य केले. अर्ज घेतला, नक्कल काढली, शिक्का मारला. नकलेत लिहिलेले होते: 'दुपारी बारा. वेदनाशामक इंजेक्शन दिले.' आणि पुढच्याच ओळीत: 'बारा वाजून दहा मिनिटे. धाप लागली.' मास्तरीणबाईंनी त्या दोन ओळींवर बोट ठेवले आणि वर पाहिले. कपाटराव दोऱ्याची गाठ सोडवत राहिले, जी त्यांनीच नुकती मारली होती.

दुसऱ्याच दिवशी अधीक्षकांकडे मास्तरीणबाईंची तक्रार गेली. सविस्तर सिस्टरला चौकशी होईपर्यंत वॉर्डातून काढून धुलाईच्या कपड्यांच्या मोजणीवर बसवले. गुरुवारी चौकशी ठरली. सिस्टर एकदा खाली आली, आपलेच टिपण पाहायला. उभ्या उभ्या दोनदा वाचले आणि म्हणाली, "यात मी काय चुकलेय, तुम्हाला दिसतं का हो? तुम्ही इतके कागद बघता."

"नाही, सिस्टर. काही चुकलेलं नाही."

"मग खडूचं त्या पुस्तकात गेलं कसं? सगळ्यांना वाटतंय मीच कुठेतरी बोलले, गंमत म्हणून. माझी मुलगी विचारते, आई, तू खरंच हसली होतीस का?"

चोराच्या मनात चांदणे म्हणतात. कपाटरावांच्या मनात त्या क्षणी भर दुपारचे ऊन पडले. तरीही तोंडातून निघाले ते एवढेच: "होईल सगळं नीट."

नीट करण्याचा त्यांनी एक प्रयत्न केला, आणि तो त्यांच्या एकूण स्वभावाला साजेसा होता: समोर न येता. लेखिकेच्या नावाने त्यांनी मास्तरीणबाईंना पत्र लिहिले. कथा संपूर्ण काल्पनिक आहे, कोणत्याही परिचारिकेशी संबंध नाही, योगायोगाबद्दल दिलगीर आहे. अक्षर उजवीकडे झुकवले, पाकीट दुसऱ्या वस्तीतल्या पेटीत टाकले. चौथ्या दिवशी मास्तरीणबाई ते पत्र फडकवतच खिडकीशी आल्या.

"बघा, भाऊ! बाईंवर दबाव आणलाय. कुणीतरी बसवून लिहून घेतलंय हे."

"असं कशावरून? खरंच काल्पनिक असेल."

"मग माझा पत्ता त्यांना कुणी दिला? दुकानाचा नाही, घराचा. मागच्या जिन्याचा, दुसरा मजला. हा पत्ता मी आयुष्यात एकदाच कुठे लिहून दिला असेल तर इथल्या फॉर्मवर."

पत्ता कपाटरावांनी केसपेपरवरूनच घेतला होता. इतक्या सवयीने, की आपण काही घेतो आहोत हे हाताला जाणवलेही नव्हते. मास्तरीणबाई जाताना म्हणाल्या, "तुमच्यासारखी चार साधी माणसं आहेत म्हणून धीर येतो." या वाक्याने कपाटरावांची मान जी खाली गेली ती संध्याकाळी ताईसमोर जेवायला बसेपर्यंत वर आली नाही.

ताईने सगळे ऐकून घेतले. मग पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, "मी विचारायला हवं होतं. हे सगळं तुला सुचतं कुठून, असं एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, माझा भाऊ हुशार आहे."

"नोकरी जाईल, ताई."

"जाईल. त्या पोरीची जातेच आहे. तिनं काय केलं होतं रे? पेशंटकडे लक्ष दिलं, एवढंच ना?" थोड्या वेळाने तिने आवाज उतरवला. "आणि पुन्हा पत्र लिहू नकोस. तुझं अक्षर कितीही वाकवलंस तरी ते तुझंच."

बुधवारी दुपारी रजा टाकून कपाटराव दुकानात गेले. दोन शिलाईयंत्रे, भिंतीवर कागदी नमुन्यांचे गठ्ठे, मापाच्या वह्यांची चळत. मास्तरीणबाईंनी यंत्र थांबवले नाही. "या, भाऊ. काही नवीन कळलं?"

"ती लेखिका मीच."

यंत्र चार टाके पुढे जाऊन थांबले. मास्तरीणबाई आधी हसल्या. मग त्यांनी कपाटरावांना नीट न्याहाळले, जसे शर्टाचे माप घेताना न्याहाळतात. "तुम्ही? अहो, त्या बाईंना बायकांचं मन कळतं."

कपाटरावांनी मग सांगायला सुरुवात केली: सिस्टरचे टिपण, तीन बदल, प्रकाशक, पत्र, पत्ता. कुठलाही भाग वगळला नाही, कारण वगळण्याचा मोह कुठे होतो हे त्यांना आता ठाऊक झाले होते. मास्तरांना काय झाले होते तेही सांगितले. गुठळी पायातून सुटते, छातीत जाते, इंजेक्शनशी तिचा संबंध नसतो.

"म्हणजे कुणी काही केलं नाही?"

"नाही."

"नुसते गेले?"

"हो. नुसते."

मास्तरीणबाईंनी कापडाची कड बोटांत चुरली. "तीन वर्षं मी म्हणत होते, इतका धडधाकट माणूस असा कसा जातो? देव उत्तर देत नव्हता. तुम्ही दिलंत. पंचाहत्तर पानांत, मुखपृष्ठासकट. शत्रू हाती लागला की माणूस जरा शांत झोपतो, भाऊ. दीड महिना मी शांत झोपले. त्या सिस्टरचं वाटोळं करताना झोपले." त्यांनी कापड बाजूला सारले. "यांची गंमत होती ती. आमच्या दोघांची. तिच्यात तुम्ही विष कालवलंत. आता मला यांचा हसरा चेहरा आठवायला गेलं की ती तुमची बया दिसते."

कपाटरावांनी हात जोडले.

"हात कसले जोडताय? माफी मागून मोकळं व्हायचंय? मी तक्रार मागे घेते. पण घेईन उद्या, सगळ्यांसमोर. आणि तिथं बोलायचं तुम्ही. मी तुमची ओळख करून देणार नाही."

गुरुवारी अधीक्षकांच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. कपाटरावांना कुणी बोलावले नव्हते. केसपेपर घेऊन आले आहेत असेच सगळ्यांना वाटले. फाइल मेजावर ठेवून ते परत फिरले नाहीत, तेव्हा अधीक्षकांनी भुवई उंचावली. मग ते उभ्यानेच बोलले. काल दुकानात जे सांगायला अर्धा तास लागला होता ते इथे चार मिनिटांत संपले, आणि ती चार मिनिटे अधिक लांब होती. मास्तरीणबाईंनी तक्रार मागे घेतल्याचे लिहून सही केली आणि सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "मला तुमच्याकडे बघवत नाही. पण बघते."

सिस्टरने मानेनेच 'असू दे' म्हटले. ती कपाटरावांकडे पाहत होती. राग असता तर त्यांना सोसता आला असता. तिच्या चेहऱ्यावर रागाऐवजी तपासणी होती, जशी जखमेची पट्टी उघडताना असते.

"अकरा पुस्तकांत मी किती वेळा आहे?"

"सात."

"आणि त्यातल्या किती जणांना मी मारलं?"

कपाटरावांनी मनात मोजले. मोजावे लागले, हीच खरी शरम होती. "चौघांना."

"मास्तर एक. बाकीचे तिघं खरे कोण होते? नावं सांगा. त्यांच्या घरीही कुणीतरी वाचत असेल. मला जाऊन सांगायला हवं."

पहिल्या पुस्तकातला रुग्ण कपाटरावांना लख्ख आठवत होता: एक दीपगृहाचा रखवालदार, एकसष्ट वर्षांचा, मूत्रपिंडाचा विकार. पण त्याच्यामागचा खरा माणूस कोण? वय किती, धंदा कोणता, नाव काय? एकही कागद न हरवू देणाऱ्या माणसाकडून तो माणूस हरवला होता. त्याच्या जागी आपण घडवलेला रखवालदार तेवढा उभा होता, धट्टाकट्टा.

"आठवत नाही," ते म्हणाले. "खाली जाऊन बघून सांगतो."

अधीक्षकांनी मेजावरून हात पुढे केला. "किल्ल्या इथे ठेवा. आता बघायचं काम तुमचं नाही. सिस्टर जातील."

कपाटरावांनी किल्ल्यांचा जुडगा मेजावर ठेवला. कोणत्या कपाटाला कोणती किल्ली, हे सांगावे म्हणून त्यांनी बोट पुढे केले; पण सिस्टरने तोवर जुडगा उचलला होता आणि ती दाराबाहेर पडलीही होती.