नळीवरची बोटं

बोपय्याला बायकोपेक्षा बंदुका जास्त कळतात, असं गावात सगळे म्हणायचे, आणि तेही बायकोसमोरच. फौजेतून हवालदार होऊन परतला त्याला तीस वर्षं झाली होती. कोडगूचा, म्हणजे कूर्गचा, पाऊस चार महिने भिंतींनासुद्धा घाम आणतो, तिथे पोलादाची काय कथा? पाऊस टेकला की भोवतालच्या घरांतले लोक आपापली बंदूक घेऊन त्याच्या ओसरीवर यायचे आणि तो प्रत्येकाला तेच पुराण ऐकवायचा. चामड्याच्या पिशवीत कोंडू नका, चामडं पाणी पितं. तेलाचा हात द्या, पण पातळ. चुलीमागच्या कोरड्या भिंतीला तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल लाकडी दस्त्यात मुरणार नाही. आणि नळीला उघडा हात लावाल तर याद राखा.

"घामात मीठ असतं," तो सांगायचा. "आज हात लाव, चार दिवसांनी तुझी बोटं तिथं उगवतात की नाही बघ."

ती उगवली त्याच्याच घरात.

जूनमध्ये बोपय्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हैसूरला होता. तेव्हाच शेजारच्या उत्तय्याला, म्हणजे त्यांच्या कुळातल्या वडीलधाऱ्याला, नातू झाला. मुलगा झाला की अंगणात एक बार काढायचा आणि माणूस गेलं की दोन, ही तिथली रीत. उत्तय्याची बंदूक ऐनवेळी रुसली. बोपय्याचा एकुलता एक मुलगा पूवय्या सुट्टीवर आला होता. त्याने बापाची दुनळी उचलली, भर पावसात बार काढला, बंदूक तशीच ओली भिंतीला टेकवली आणि बंगळूरची बस पकडली. आठ दिवसांनी बोपय्या घरी आला तर नळीच्या निळ्या झिलईवर चार बोटं आणि एक अंगठा, तांबूस, लख्ख उठलेले.

त्याने तडक फोन लावला. "सगळ्या गावाला मी शिकवतो आणि गाढव निघालं माझ्याच घरात."

"अप्पा, आनंदाचा बार होता. गडबडीत पुसायचं राहिलं."

"आनंदाच्या बाराला गंज चढत नाही होय?"

"कैलपोळ्दच्या सणाला येतो ना, मीच घासून देतो. तोवर हात लावू नका."

"नाहीच लावणार. ज्याने घाण केली त्याने निस्तरावी."

असला कोवळा गंज तेलाच्या चिंधीने घासला की पाच मिनिटांत निघतो. गावात दुसऱ्या कुणी तो ठेवला असता तर बोपय्याने त्याचा उद्धार केला असता. पण हट्टाला पेटला म्हातारा. पोराला धडा शिकवायचा म्हणून डाग तसाच राहू दिला.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात महामार्गावर पूवय्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. दोन बार उत्तय्याने काढले, त्याची बंदूक तोवर दुरुस्त झाली होती. पोराशी शेवटचं बोलणं गाढव म्हणण्याचं झालं, हे बोपय्याने चोंदम्माला, आपल्या बायकोला, सांगितलं नाही. तो चुलीमागे जाईनासा झाला. डाग पुसवत नव्हता आणि बघवतही नव्हता.

सप्टेंबर उजाडला. कैलपोळ्द, म्हणजे शस्त्रपूजेचा सण, एका दिवसावर आला. उत्तय्या ओसरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "उद्या सगळ्यांच्या बंदुका दिव्यापुढे लागतील. नळ्यांत खोवायला कळलावीची फुलं मी आणलीत. तुझी तेवढी पुसून ठेव, बाबा. गंजकी बंदूक दिव्यापुढे चालत नाही."

"पुसतो," बोपय्या म्हणाला.

तो गेल्यावर बोपय्याने तेल आणि चिंधी घेतली, मन घट्ट केलं आणि चुलीमागे गेला. बंदूक हातात घेतली आणि थबकला. नळीवरची बोटं पसरली होती. जुन्या तपकिरी गंजावर नवा लाल गंज चढला होता, थरावर थर. आपोआप असं होत नाही, कुणाचा तरी हात रोज लागत होता.

दारात चोंदम्मा उभी होती. "पुसणार?"

"तू हात लावतेस याला?"

"दुपारी भात शिजेपर्यंत. त्याच्या बोटांवर माझी बोटं ठेवते. त्याची लांब होती, माझी पुरत नाहीत, मग जरा सरकवते." तिने पदराने कपाळ पुसलं. "तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

तीस वर्षं ती स्वयंपाकघरातून त्याचं पुराण ऐकत आली होती, पण घरच्या माणसाचं कोण मनावर घेतं? न घासता वरून नुसता तेलाचा हात दिला असता तर गंज तिथेच थांबून पोराची बोटं वर्षानुवर्षं राहिली असती. ते बोपय्याला ठाऊक होतं, आणि तो तिकडे फिरकलाच नव्हता. दोन महिन्यांत तिच्या घामाने ती खाऊन टाकली होती. आता तिथे होता तो आखूड बोटांचा, बाईमाणसाचा पंजा.

"दिव्यापुढे न्यायची का?" तिने विचारलं.

"नाही. उत्तय्याला सांगतो, यंदा आपली येणार नाही."

ती जवळ आली, नळीकडे वाकली. "मला आताशा नीट दिसत नाही. त्याचीच आहेत ना अजून?"

बोपय्या बंदुकीच्या बाबतीत आयुष्यात कुणाशी खोटं बोलला नव्हता.

"त्याचीच," तो म्हणाला. मग त्याने हातातल्या कोरड्या चिंधीने तिचा तळवा पुसला, एकेक बोट पुसलं, आणि तिचा हात उचलून नळीवर ठेवला.