मोकळ्या मात्रेवर

आमची गाडी बारा महिने उघड्यावर उभी असते, कारण गराजमध्ये जमैका आहे. म्हणजे माझी बेस गिटार (नुसतं बेस म्हणतो आम्ही), जुने स्पीकर, मिक्सर आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ठोकलेल्या, लग्नात आहेर आलेल्या सोलापुरी चादरी. दिवसा मी औषधकंपनीचे सर्व्हर सांभाळतो. उरलेल्या वेळात रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, वाजवतो, रेकॉर्ड करतो, नेटवर टाकतो. माझे श्रोते बहुतेक फिनलंडमध्ये आहेत. तिथे अंधार फार असतो म्हणे.

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळींना यात गोडी नाही. मंडळात तबला वाजवणारे एक काका एकदा ऐकायला आले.

"सगळं आहे रे, पण सम कुठाय?"

"काका, यात पहिली मात्रा मोकळीच सोडतात."

"मग गाणाऱ्यानं यायचं कुठे? तबला शिकला असतास, तर निदान आरतीला उपयोग झाला असता."

यायचं कुठे, हा प्रश्न मात्र रास्त होता. बायकोही तिथेच अडायची. ती शास्त्रीय शिकलेली, आणि माझ्या सगळ्या गाण्यांत आवाज तिचाच. समेवर ड्रम गप्प म्हटल्यावर ती बावचळायची. शेवटी तोडगा निघाला: ती माइकपाशी, मी समोर बेस घेऊन, आणि मोकळ्या मात्रेवर मी मान हलवायची. मान हलली की ती ओळ उचलायची. माझ्या मान हलवण्याला एवढी किंमत संसारात दुसरीकडे कुठेच मिळाली नाही.

गेल्या वर्षी तिला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला, मोठी नोकरी लागली. तेव्हाही मी मान हलवलीच. मुलगी कॉलेजात. गराजमध्ये उरलो मी आणि चादरी. आणि एक अर्धवट गाणं, जे मला तिच्याच आवाजात पुरं करायचं होतं.

व्हिडिओ कॉलवर करून पाहिलं. माझी मान तिकडे उशिरा पोचे.

"अरे, तू मान हलवतोयस की पेंगतोयस?"

"नेटवर्क आहे गं."

"राहू दे. मीच रेकॉर्ड करून पाठवते."

आलं. सूर सुरेख, मागे तिथला पाऊस. पण प्रत्येक ओळीला ती जरा उशिरा येत होती, वाट बघितल्यासारखी. शेवटच्या ओळीआधी नुसता श्वास ऐकू आला, आणि मग गाणं सोडून ती म्हणाली, "छे, तू समोर नसलास की कळत नाही रे."

हे दुरुस्त करणं माझ्या डाव्या हातचा मळ. माउसनं एकेक ओळ थोडी अलीकडे ओढली, ते वाक्य कापलं. गाणं चोख बसलं. इतकं चोख, की हिला माझी मान कधी लागलीच नसावी.

मी सगळं होतं तिथे परत ठेवलं. वाक्यसुद्धा. मग बेस गळ्यात अडकवला, गाणं पहिल्यापासून लावलं आणि रिकाम्या माइककडे बघत प्रत्येक मोकळ्या मात्रेवर मान हलवत राहिलो.

ती तरीही उशिराच आली.