पिमलॉटचा पाइप

ईझ्रा पिमलॉट आमच्या गावचा. ओहायो नदीकाठच्या प्रत्येक गावाला आपला एखादा विनोदी लेखक असावासा वाटतो, पण आमचा खरा होता, छापून आलेला! त्याच्यावर सिनेमाही निघाला. गावानं तो पाहिला आणि नाक मुरडलं. त्यातला नट धाडधाड बोलत सुटतो. अहो, पिमलॉट म्हणजे थांबणं! हशाच्या आधी तंबाखूचा पाइप भरत बसायचं, लोकांना ताटकळवायचं. ते जमावं आमच्या डेलबर्ट स्टकीलाच.

डेलबर्टचं खिळे-हातोड्यांचं दुकान होतं. दर उन्हाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये आइस्क्रीमची संध्याकाळ असते, तेव्हा तो मिशी चिकटवून पिमलॉट व्हायचा आणि त्याच्या गोष्टी सांगायचा. पुढच्या रांगेत त्याची बायको लव्होन. शब्द अडला की तो पाइप भरायला घ्यायचा, ती खोकायची आणि हळूच शब्द सुचवायची. लोक म्हणायचे, काय थांबतो हो हा माणूस! लव्होन स्वतः मात्र कधी स्टेजवर चढली नाही. चारचौघांत बोलायचं तिला जमायचंच नाही.

यंदाच्या हिवाळ्यापासून डेलबर्ट विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग घराची वाट.

"आई, या वर्षी नको गं," त्यांची मुलगी वांडा म्हणाली. "लोक हसतील बाबांना."

"हसायलाच येतात लोक," लव्होन फटकन म्हणाली. पण तिलाही तीच धास्ती होती. आजवर लोक त्याच्या गोष्टीला हसले होते. त्याला हसले असते तर तिला ते सोसलं नसतं. आणि तो तर रोज डब्यातून मिशी बाहेर काढून विचारत होता, "कधी आहे गं कार्यक्रम?"

शेवटी लव्होननं त्याला स्टेजवर जाऊ दिलंच. अर्धा कार्यक्रम झकास झाला. मग खेचराची गोष्ट आली. पास्टरचं प्रवचन लांबत चाललंय, खेचर खिडकीतून मान आत घालतं आणि... डेलबर्टनं पाइप भरायला घेतला. लव्होन खोकली. शब्द सुचवला. पुन्हा सुचवला. तो पाइप ठासतच राहिला. मागं कुणीतरी खुर्ची सरकवली. डेलबर्टनं लव्होनकडे पाहिलं.

"बाई, पुढं काय झालं हो?"

हॉल हसला. त्यांना वाटलं, नवीन गंमत. पण त्याला खरंच माहीत नव्हतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

लव्होन उठली. लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"खेचर ओरडलं," ती म्हणाली. "चर्चच्या काचा थरथरल्या. पास्टर गप्प. सगळे गप्प."

आणि ती थांबली. भांडी घासताना त्याची तालीम जन्मभर ऐकली होती, कुठं थांबायचं ते तिला पाठ होतं. डेलबर्ट स्टेजच्या कडेला बसून पुढं वाकला होता.

"मग पास्टर म्हणाले, एवढं मनापासून 'आमेन' या चर्चमध्ये आजवर कुणी म्हटलं नव्हतं!"

सगळ्यांत आधी डेलबर्ट हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ती गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता. मग सगळा हॉल त्याच्याबरोबर हसला.

घरी आल्यावर तिनं कोमट पाण्यानं त्याची मिशी सोडवली. तो तिच्याकडे कौतुकानं बघत राहिला, एखाद्या पाहुणीकडे बघावं तसा.

"बाई, तुम्ही फार छान सांगता. उद्या पुन्हा याल का?"

तिनं टॉवेलनं त्याचा ओठ टिपला.

"येईन की," ती म्हणाली. "मी इथं जवळच राहते."