सव्वाशे नॅपकिनांवरची लावण्यप्रभा

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, राहू दे. तुम्ही हसणारच. माझी सख्खी बहीण हसली, सासरे हसले, तुम्ही तर मित्र! पण चहा संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. एवढं तरी पाळा.

मुलगी झाली मला, ते तुम्हाला माहीतच आहे. आता आमच्या गल्लीची तऱ्हा ऐका. टीव्हीवर एक मालिका लागायची, तिच्यातल्या सुनेचं नाव ओजस्विनी. झालं! दोन वर्षांत आमच्या गल्लीत चार ओजस्विनी. संध्याकाळी एक आई दारात येऊन ‘ओजूऽऽ’ म्हणते आणि चार दिशांनी चार पोरी पळत येतात. एकदा तर एका माउलीनं दुसरीचीच ओजू न्हाऊमाखू घालून जेवायला बसवली होती. पोरगी पण गपचूप जेवली. श्रीखंड होतं ना!

तेव्हा मी दवाखान्यातच, शिल्पाच्या खाटेपाशी उभा राहून जाहीर केलं, "हे बघ, नाव तू ठेव. तुझ्या आवडीचं ठेव. पण मालिकेतलं नाव माझ्या घरात चालणार नाही!"

शिल्पा म्हणजे माझी बायको. मालिका बघते, पण डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. म्हणाली, "बरं. शोधते. ठरलं की सांगते." आणि बाळाला घेऊन माहेरी गेली, जेऊरला. सव्वा महिन्यानं बारसं तिथंच करायचं ठरलं.

मी नोकरी कुठं करतो? सोलापुरात, टॉवेलच्या कारखान्यात. सुपरवायझर! मग माझ्या लेकीच्या बारशाला मी लोकांना स्टीलच्या वाट्या वाटू काय? मनात आलं, नॅपकिन विणून घ्यायचे. छापलेले नाही हां, विणलेले! मधोमध पाळणा आणि खाली लेकीचं नाव. शिल्पाला आधी पत्ताच लागू द्यायचा नाही, एकदम बारशाला दाखवायचं. मालकांनीही ‘कर की’ म्हटलं.

आमच्याकडं डिझाइन काढतात नरसय्याअण्णा. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. एका संध्याकाळी साडेसातला ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"ओ साहेब, पाळणा झाला. पोरीचं नाव सांगा की. उद्या एक माग रिकामा हाय, परवा न्हाय. मग म्हणू नका सांगितलं न्हाय म्हणून."

मी तिथंच, मागांच्या खडखडाटात, शिल्पाला फोन लावला. एका कानात बोट, दुसऱ्या कानाला फोन.

आणि इथंच मी मेलो बघा. मला काय माहीत, की नेमकं त्याच वेळेला तिच्या मालिकेत सुनेच्या खिरीत विष कालवणाऱ्या बाईचं नाव उघडं पडणार होतं! महिनाभर अख्खं जेऊर त्या नावासाठी जीव मुठीत धरून बसलं होतं म्हणे.

मी ओरडलो, "अगं, नावाचं काय झालं? कळू दे की आता!"

"अय्या! तुम्ही पण वाट बघताय?"

"म्हणजे काय! हातातलं काम सोडून उभा आहे इथं!"

"लावण्यप्रभा!" शिल्पा किंचाळली.

"काय?"

"अहो, लावण्यप्रभा! मला तर पहिल्यापासून वाटत होतं, हीच असणार!"

"नक्की ना? परत बदलायचं नाही."

"आता काय बदलतंय? सगळ्यांसमोर झालं की!"

"आईंना पटलं?"

"आई तर टाळ्या वाजवतीय! अहो, चेहरा बघा ना तिचा, चेहरा! ठेवते, हं!"

आता तुम्हीच सांगा, ह्यात संशयाला जागा कुठं होती? चेहरा म्हटल्यावर बापाच्या डोळ्यापुढं लेकीचाच येणार ना?

नाव जरा लांबलचक वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी स्वतःची समजूत घातली. भारदस्त आहे म्हटलं! उद्या पोरगी कलेक्टर झाली तर दारावरच्या पाटीला शोभून दिसेल.

अण्णा कागदाकडं बघत म्हणाले, "लई मोठं हाय हो. पाळणा बारका करावा लागतंय."

"करा बारका. नाव महत्त्वाचं!"

कारखान्यात कुणालाच कसं कळलं नाही, विचाराल. अण्णांच्या घरी तेलुगू मालिका, आणि मागावरची माणसं त्या वेळेला मागावरच. कोण सांगणार?

मधे एकदा फोनवर मी शिल्पाला म्हटलंसुद्धा, "नाव लई आवडलं हं मला."

ती लाजलीच. "ताईंनी सांगितलं वाटतं? आत्याला सांगावं लागतं म्हणून सांगितलं, तर त्यांच्या पोटात राहिलं नाही! बरं, आता बारशापर्यंत तोंडातून काढू नका."

नाही काढलं. तोंडातून नाही काढलं. सव्वाशे नॅपकिनांवर काढलं!

बारशाच्या दिवशी दोन मोठी खोकी घेऊन मी रेल्वेनं जेऊरला उतरलो. अंगात नवा शर्ट. सासऱ्यांचं घर बायकांनी गच्च भरलेलं, मधोमध फुलं लावलेला पाळणा. नॅपकिन खरं तर नाव ठेवून झाल्यावर वाटायचे. पण मला दम निघतोय कुठला? दारातच उभा राहिलो आणि येईल तिच्या हातात एकेक ठेवायला लागलो.

पहिल्या बाईनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, कौतुक. दुसरीनं तिसरीला कोपरानं ढोसलं. तिसरी आतल्या खोलीत पळाली आणि आणखी चौघींना घेऊन आली. मी खूश! म्हटलं, विणकाम बघायला आल्या. एकीला तर मी समजावूनही सांगितलं, "धुतलं तरी नाव जाणार नाही बघा, कायमचं आहे."

तेवढ्यात सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर लावून वाचायला लागल्या. "कुमारी... ला... व..." ताट तिथंच खाली ठेवलं.

"जावयबापू! ह्ये काय हो? त्या सटवीचं नाव? माज्या नातीला?"

"सटवी? कोण सटवी?"

"खिरीत इख कालवती ती! सुनंला जिन्यावरनं ढकलती ती!"

"अहो आई, तुम्हीच तर टाळ्या वाजवल्या ना?"

"नातीला असलं नाव ठिवल्यावर मी टाळ्या वाजवीन? माजं डोस्कं फिरलंय व्हय?"

इकडं माझी ताई, माळशिरसहून खास आलेली आत्याबाई, पाळण्यात वाकून बाळाच्या कानापर्यंत पोचली होती. ती तशीच ताठ झाली. "थांबा गं बायांनो! मला शिल्पानं निराळंच नाव सांगितलंय."

शिल्पा उठली. माझ्या हातातला नॅपकिन घेतला. वाचला. एकदा, दोनदा. आणि तिचे डोळे भरले हो!

"मालिकांवरनं माझी चेष्टा करायची तर एरवी करायची," ती हळू म्हणाली. "आज कशाला? लेकीच्या बारशाला?"

माझ्या नव्या शर्टाची पाठ ओली झाली.

"अगं, तूच सांगितलंस!" मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. "फोनवर! साडेसातला! मी नाव विचारलं, तू लावण्यप्रभा म्हणालीस. हीच असणार म्हणालीस. चेहरा बघा म्हणालीस!"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे ओठ थरथरायला लागले. मी म्हटलं, आता रडू फुटणार. तर ही बाई पाळण्याचा खांब धरून मटकन खाली बसली आणि हसायला लागली! "अहो... ते मी... आई गं... ते मालिकेतलं..." पुढचं बोलताच येईना. माझे सासरे, ज्यांना मी लग्नातही हसताना बघितलं नव्हतं, त्यांची टोपी हसून हसून पाळण्यात पडली.

हसणं ओसरल्यावर ताईनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. नीरा.

शिल्पा माझ्याशेजारी येऊन पुटपुटली, "तुमच्या गावाच्या शिवेवरनं वाहते ना ती नदी? लग्नानंतर पहिल्यांदा मला तिथंच नेलं होतं तुम्ही. आणि कुठल्याच मालिकेत नाही हं हे नाव. सगळ्यांना विचारून खात्री केली मी."

मी एक नॅपकिन उघडला आणि तोंड पुसलं.

आणि नॅपकिन परत कुणी केला नाही बरं का! एक आजी तर दोन मागून घेऊन गेल्या. "कापड झ्याक हाय," म्हणाल्या, "नावाकडं कोण बघतंय तोंड पुसताना?"

एवढ्यावर संपलं असतं तर मी माणसांत राहिलो असतो. पण नंतर सोलापुरात जन्मदाखल्यावर नाव घालायला जायचं होतं. "तुम्हाला एकट्याला पाठवायला मी काय खुळी आहे?" म्हणून शिल्पा बाळाला घेऊन बरोबर आली. नाव मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून आणलेलं. मी चिठ्ठी समोर ठेवून लिहिलं. नीरा. तीनदा तपासलं. कुठं चूक नाही! बाकीचे रकाने भराभर भरले आणि रुबाबात फॉर्म खिडकीत सरकवला.

आतल्या मॅडम वाचायला लागल्या. "बाळाचं नाव नीरा. बरोबर. वडिलांचं दत्तात्रय. आईचं नाव..."

त्या थांबल्या. चष्म्यावरून शिल्पाकडं बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत.

"आईचं नाव लावण्यप्रभा?"

रांगेत मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. शिल्पानं डोळे मिटले, उघडले, शांतपणे दुसरा कोरा फॉर्म मागून घेतला आणि पोरगी माझ्या हातात दिली. सगळा फॉर्म तिनं स्वतः भरला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून पेन माझ्यापुढं धरलं.

"इथं सही करा," ती म्हणाली. "आणि तुमचीच करा."